भाड्याचे संगणक आणि मालकीचा प्रश्न

(रत्नागिरी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, तेव्हा तेथील एस. टी. आगाराचे व्यवस्थापक आगाराची सुमारे ९ लाख रुपयांची रोकड घेऊन बसच्या टपावर चढले आणि पाणी ओसरेपर्यंत तासन्‌तास तेथे बसून राहिले. सार्वजनिक पैशाची अशी राखण करणाऱ्या माणसाविषयी आदरच वाटावा. परंतु त्याच दिवशी त्याच शहरातील दुकाने, कार्यालये आणि बँका पाण्याखाली होत्या. रोकड टपावर नेता येते. हजारो सभासदांच्या ठेवी, कर्जे आणि हप्ते यांच्या ज्या नोंदी तळमजल्यावरील संगणकात असतात, त्या टपावर नेता येत नाहीत. त्याआधी वर्षभर, ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली व मंडणगड तालुक्यांची दैना केली आणि अनेक गावांत वीज येण्यास कित्येक दिवस लागले. कोकणपट्टीवर खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि बेभरवशाची वीज यांच्या संगतीत संगणक सांभाळणे हे मुळातच खर्चाचे काम आहे.

आज ज्याला 'क्लाउड' म्हणतात त्याचे आकर्षण जिल्ह्यातील संस्थांना का वाटते, हे एवढ्यावरून ध्यानात यावे. आपली माहिती व आपली गणनयंत्रे दुसऱ्याच्या सुरक्षित इमारतीत ठेवावीत, तारेच्या जाळ्यातून ती वापरावीत आणि जेवढा वापर तेवढे भाडे द्यावे, असा हा व्यवहार आहे. नावाने हा ढग असला तरी तो जमिनीवर उभा आहे. ऐरोली, महापे, पनवेल येथील प्रचंड इमारतींत रांगेने लावलेली यंत्रे, त्यांना थंड ठेवणारी वातानुकूलन व्यवस्था, वीज गेल्यास चालू होणारी डिझेल जनित्रे आणि समुद्राखालून आलेल्या केबली, हे त्याचे खरे स्वरूप. म्हणजे हा भांडवलाचा प्रश्न आहे, आणि भांडवलाचा प्रश्न आला की मालकीचा प्रश्न येतोच.

गावापर्यंत आलेला व्यवहार

या व्यवसायाचा इतिहास फार जुना नाही. २००६ साली ॲमेझॉन कंपनीने साठवणीची जागा आणि गणनक्षमता तासाच्या हिशेबाने भाड्याने देण्यास प्रारंभ केला. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई व चेन्नई येथे, ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत आणि गुगलने २०१७ साली मुंबईत आपापली केंद्रे उघडली. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने शासकीय खात्यांची माहिती क्लाउडवर नेण्याचे धोरण जाहीर केले. २०२२ च्या जून महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्या योजनेचा पाया क्लाउडवर चालणारी एक समान प्रणाली हाच आहे.

तात्पर्य, हा विषय मुंबई-पुण्याच्या कंपन्यांपुरता उरलेला नाही. ज्या विविध कार्यकारी सोसायटीच्या चिटणीसाकडे काल लाल कापडात बांधलेली खतावणी होती, तिच्या दारात तो येऊन ठेपला आहे. अशा सोसायट्यांच्या, पतपेढ्यांच्या, नगरपरिषदांच्या कारभारात पक्षाचे आणि समविचारी संघटनांचे अनेक कार्यकर्ते आहेत. करारावर सही करण्याचा प्रसंग त्यांच्यावर येणार आहे. तो करार समजून घेणे हे त्यांचे राजकीय कर्तव्य आहे.

बचत कोठून येते

क्लाउडच्या जाहिरातींत बचतीचा मोठा गवगवा असतो. ही बचत खरी आहे, आणि तिचे मूळ समाजवाद्यांना परके वाटू नये असे आहे. ते मूळ म्हणजे सामाईक वापर.

एक उदाहरण घेऊ. समजा, दहा संस्था आहेत. प्रत्येकीला वर्षातील बहुतेक दिवस दोन यंत्रे पुरतात, परंतु गर्दीच्या काही दिवसांत दहा लागतात. प्रत्येकीने स्वतंत्र व्यवस्था केली तर गर्दीच्या दिवसासाठी दहा-दहा याप्रमाणे एकूण १०० यंत्रे विकत घ्यावी लागतील, आणि त्यांतील ८० वर्षाचा बहुतेक काळ रिकामी राहतील. आता या दहाही संस्थांनी एकच व्यवस्था केली, आणि त्यांचे गर्दीचे दिवस वेगवेगळे असले, तर कोणत्याही दिवशी एकीला दहा व उरलेल्या नऊ जणींना दोन-दोन अशी २८ यंत्रे पुरतात. १०० च्या जागी २८. या फरकात कोणतीही जादू नाही. गावात एकच मळणीयंत्र घ्यावे आणि ते पाळीपाळीने खळ्यांवर फिरवावे, यामागे जो विचार आहे तोच येथे आहे.

रत्नागिरीच्या माणसाला हंगामाचे अर्थशास्त्र शिकवावे लागत नाही. हापूसची विक्री संगणकावरून करणाऱ्या बागायतदाराला मार्च ते मे एवढेच महिने मोठ्या क्षमतेची गरज असते. पावसाळ्यात त्या क्षमतेचा उपयोग नाही. आंबा वाहून नेण्यासाठी तो ट्रक विकत घेत नाही, हंगामापुरता भाड्याने घेतो. गणपतीसाठी कोकणात येणाऱ्या गाड्यांचे आरक्षण उघडले की पहिल्या काही मिनिटांत रेल्वेच्या यंत्रणेवर जो ताण येतो, तो इतर दिवशी शतांशानेही नसतो. अशा चढउताराच्या गरजेसाठी भाड्याची क्षमता सोयीची, हे मान्य केलेच पाहिजे.

मात्र या हिशेबातील एक अट डोळ्याआड होऊ देता कामा नये. गर्दीचे दिवस वेगवेगळे असतील तरच १०० चे २८ होतात. सगळ्या संस्था एकाच प्रकारच्या असल्या आणि सगळ्यांचा ताळेबंद ३१ मार्चलाच व्हायचा असला, तर त्या दिवशी १०० यंत्रे लागणारच. म्हणून केवळ सोसायट्यांनी सोसायट्यांपुरती बांधलेली व्यवस्था महाग पडते. सोसायटी, महाविद्यालय, रुग्णालय, नगरपरिषद, बाजार समिती अशा भिन्न गरजांच्या संस्था एकत्र आल्या, तरच सामाईक वापराचा लाभ पदरात पडतो. बड्या कंपन्यांचे सामर्थ्य याच गोष्टीत आहे: त्यांनी लाखो भिन्न ग्राहकांच्या गरजा एका छपराखाली आणल्या आहेत.

मालकी केव्हा, भाडे केव्हा

सामाईक वापराने बचत होते म्हणून भाडे नेहमी स्वस्त, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. येथेही साधा हिशेब मार्ग दाखवतो. समजा, एका यंत्राची किंमत १०० आहे, ते पाच वर्षे टिकते आणि वीज, जागा, देखभाल यांसाठी वर्षाला २० खर्च येतो. म्हणजे मालकीचा वार्षिक खर्च ४०. तेच यंत्र वर्षभर अहोरात्र भाड्याने घेतले तर, समजा, ८० द्यावे लागतात. मग अर्ध्या वेळेपेक्षा कमी वापर असेल तर भाडे परवडते, अधिक असेल तर मालकी परवडते. आकडे संस्थेगणिक बदलतील, नियम बदलणार नाही. रोजची, न चुकणारी गरज मालकीच्या साधनाने भागवावी. अधूनमधूनची, चढउताराची गरज भाड्याने भागवावी.

अमेरिकेतील ड्रॉपबॉक्स या कंपनीचे उदाहरण बोलके आहे. लोकांच्या फायली साठवून ठेवणे हाच तिचा धंदा. म्हणजे तिची गरज सततची. तिने आपला मोठा साठा ॲमेझॉनच्या भाड्याच्या जागेतून काढून स्वतःच्या यंत्रांवर नेला आणि दोन वर्षांत सुमारे ७.४६ कोटी डॉलरची बचत झाल्याचे २०१८ साली आपल्या कागदपत्रांत नमूद केले. अर्थात ड्रॉपबॉक्सजवळ भांडवल होते आणि जाणकार अभियंते होते. राजापूर वा संगमेश्वर तालुक्यातील सोसायटीजवळ यांपैकी काही नसते. तिच्यापुढे निवड खुली नसते, आणि ज्याच्यापुढे निवड नाही त्याच्याशी बाजार कसा वागतो, हे कोकणाला सांगण्याची गरज नाही.

दाभोळची आठवण

'जेवढा वापर तेवढे भाडे' हे तत्त्व ऐकायला न्याय्य वाटते. प्रत्यक्षात व्यवहार थोडा रुळला की कंपनी ग्राहकापुढे दुसरा प्रस्ताव ठेवते: एक किंवा तीन वर्षांची हमी द्या, दरात मोठी सूट घ्या. हमी दिली की वापर होवो वा न होवो, पैसे द्यावे लागतात. वापराच्या भाड्याचे रूपांतर बांधील आकारात होते.

रत्नागिरी जिल्ह्याने अशा कराराची किंमत जवळून पाहिली आहे. गुहागर तालुक्यातील दाभोळ वीज प्रकल्पासाठी एन्रॉनच्या कंपनीशी राज्य वीज मंडळाने डिसेंबर १९९३ मध्ये करार केला. वीज घेतली नाही तरी क्षमतेपोटी आकार द्यावयाचा आणि भाव डॉलरशी बांधलेला, हे त्या कराराचे मर्म होते. १९९९ साली ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. रुपया घसरला, इंधन महागले, मागणी अंदाजाइतकी वाढली नाही. २००१ साली मंडळाला वीज घेणे थांबवावे लागले, आणि त्याच वर्षाअखेर एन्रॉनचे दिवाळे वाजले. वीजनिर्मितीत परकीय कंपनीने भांडवल घालावे की नाही हा वादाचा एक भाग होता. परंतु मागणीचा अंदाज चुकल्यास नुकसान कोणी सोसायचे आणि विनिमयदर घसरल्यास भार कोणी उचलायचा, हे दोन प्रश्न अधिक मूलभूत होते. त्या करारात दोन्ही भार मंडळावर होते.

क्लाउडच्या करारात हेच दोन प्रश्न नव्याने उभे राहतात. बड्या परकीय कंपन्यांचे दरपत्रक डॉलरमध्ये ठरते, मग बिल रुपयांत का येईना. २००६ साली डॉलरला सुमारे ४५ रुपये पडत. २०२५ मध्ये ८५ च्या वर पडू लागले. ज्या सोसायटीचे उत्पन्न सर्वस्वी रुपयांत आहे, तिने आपला कायमचा खर्च डॉलरला बांधून घेण्यापूर्वी दाभोळची आठवण ठेवावी.

लाभ कोणाच्या पदरात

सामाईक वापरातून बचत निर्माण होते, हे वर पाहिले. ती बचत वापरणाऱ्यांच्या वाट्याला किती येते आणि मालकाच्या वाट्याला किती जाते, हा वितरणाचा प्रश्न आहे. २०२४ साली ॲमेझॉन कंपनीच्या एकूण विक्रीत क्लाउड व्यवसायाचा वाटा सुमारे १७ टक्के होता. व्यवसायातून झालेल्या नफ्यात मात्र तो ५८ टक्के होता. क्लाउडची विक्री १०७.६ अब्ज डॉलर आणि तीवरील नफा ३९.८ अब्ज डॉलर. म्हणजे ग्राहकाने दिलेल्या दर १०० रुपयांतून सुमारे ३७ रुपये नफ्याच्या खात्यात जमा झाले.

या नफ्याला निव्वळ लूट म्हणणे अभ्यासू कार्यकर्त्याला शोभणार नाही. कंपनीने प्रचंड भांडवल गुंतवले आहे, संशोधन केले आहे, जोखीम घेतली आहे. तथापि, स्पर्धा खरोखर मोकळी असती तर इतका नफा वर्षानुवर्षे टिकला नसता. तो टिकतो याचे कारण ग्राहकाला घर बदलणे अवघड जाते, आणि नवख्या स्पर्धकाला एवढे भांडवल उभारता येत नाही. यालाच अर्थशास्त्रात खंड म्हणतात: श्रमाबद्दल वा कौशल्याबद्दल मिळणाऱ्या मोबदल्याच्या वर, केवळ ताब्यामुळे मिळणारे उत्पन्न.

कुळाची अडचण

खंड हा शब्द या जिल्ह्यात पुस्तकी नाही. येथील खेडी पिढ्यान्‌पिढ्या खोतीखाली नांदली. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १९४९ साली खोती निर्मूलनाचा कायदा झाला. त्या लढ्याचा अभ्यास करणाऱ्यास एक गोष्ट जाणवते. कुळाचे दुःख केवळ खंड जबर असण्याचे नव्हते. त्याचे घर खोताच्या जमिनीवर, त्याने लावलेले झाड खोताच्या जमिनीवर, त्याने घातलेला बांध खोताच्या जमिनीवर. सोडून जायचे तर हे सगळे मागे टाकून जावे लागे. जो जाऊ शकत नाही त्याला अटी ठरवता येत नाहीत.

क्लाउड कंपनीला खोत म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. खोताने यंत्र शोधले नव्हते आणि भांडवलही घातले नव्हते. परंतु ग्राहकाची अवस्था काही अंगांनी कुळासारखी होते, हे नाकारता येणार नाही. माहिती आत टाकण्यास सामान्यतः शुल्क नसते, बाहेर काढण्यास असते. त्याहून मोठी अडचण अशी की, संस्थेची सगळी कार्यप्रणाली त्या कंपनीच्या खास साधनांवर बांधली जाते. ती दुसरीकडे नेताना जवळजवळ नव्याने बांधावी लागते. पाच वर्षांचे काम परक्या जमिनीवरील बांधासारखे मागे राहते.

आणि जमिनीचा मालक दूर असेल तर आणखी एक धोका संभवतो. २०२५ च्या जुलै महिन्यात युरोपीय संघाने नायरा एनर्जी या कंपनीवर निर्बंध घातले. गुजरातमध्ये वाडीनार येथे वर्षाला दोन कोटी टन तेल शुद्ध करणारी आणि मुंबईत मुख्य कार्यालय असणारी ही कंपनी. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा ४९ टक्क्यांचा हिस्सा आहे. निर्बंध येताच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा बंद केल्या. पैसे भरलेले असताना कंपनीला स्वतःची टपाल व्यवस्था आणि स्वतःची माहिती दुरावली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि सेवा पूर्ववत झाल्या. नायराची मालकी, रशियाचे तेल, युरोपचे राजकारण हे विषय वेगळे आहेत. भारतीय कायद्याचा कोणताही आदेश नसताना भारतातील एक अजस्र उद्योग दूरच्या निर्णयाने काही दिवस हतबल झाला, एवढी वस्तुस्थिती विचार करायला लावणारी आहे. न्यायालयात धाव घेणे नायराला परवडले. सोसायटीला परवडणार नाही.

एकत्रीकरणासोबत येणारी जोखीम

परकीय कंपनीऐवजी देशी यंत्रणा घेतली म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोरांचा संगणकीय हल्ला झाला. स्टेट बँक व टी. सी. एस. यांच्या या संयुक्त कंपनीकडून सहकारी व ग्रामीण बँकांना सेवा मिळत असे. संसर्ग पसरू नये म्हणून राष्ट्रीय देयक महामंडळाने तिला तात्पुरते तोडले आणि देशातील सुमारे ३०० लहान बँकांचे ग्राहक देवघेवीच्या जाळ्याबाहेर पडले. सेवा लवकरच सुरळीत झाली, परंतु धडा राहिला. क्षमता एकत्र केली की बचत होते, आणि जोखीमही एकत्र होते. ३०० संस्थांनी ३०० ठिकाणी हिशेब ठेवले असते तर चुका अधिक झाल्या असत्या, पण सगळ्या एकाच दिवशी झाल्या नसत्या. म्हणून सामाईक यंत्रणेसोबत प्रत्येक संस्थेजवळ तिच्या नोंदींची स्वतंत्र प्रत असणे, हा काटकसरीच्या नावाखाली टाळण्याचा खर्च नव्हे.

१९७८ आणि १९९०

समाजवाद्यांचा या प्रश्नाशी संबंध आजचा नाही. १९६० व १९७० च्या दशकांत आय. बी. एम. कंपनी भारतात संगणक विकण्यापेक्षा भाड्याने देणे पसंत करी. अन्यत्र वापरून झालेली १४०१ जातीची यंत्रे डागडुजी करून येथे भाड्याने दिली जात, आणि या व्यवहारावर संसदेच्या लोकलेखा समितीनेही टीका केली होती. १९७३ च्या परकीय चलन कायद्यानुसार भागभांडवलात भारतीयांना वाटा देण्याचा प्रश्न आला, तेव्हा कंपनीने नकार दिला. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते. ते मागे हटले नाहीत आणि १९७८ साली आय. बी. एम. देशाबाहेर गेली.

पुढे काय झाले याचीही प्रामाणिक नोंद घेतली पाहिजे. १९७५ साली स्थापन झालेल्या सी. एम. सी. या सार्वजनिक कंपनीने आय. बी. एम.च्या यंत्रांची देखभाल यशस्वीपणे सांभाळली. तिनेच १९८० च्या दशकात रेल्वे आरक्षणाची संगणकीय प्रणाली उभी केली. त्याच दशकात तिने 'इंडोनेट' हे जाळे बांधले. त्यातून निरनिराळ्या शहरांतील ग्राहकांना मोठ्या संगणकांची क्षमता दुरून वापरता येत होती. आज ज्याला क्लाउड म्हणतात त्याची मूळ कल्पना एका सार्वजनिक उद्योगाने भारतात तेव्हाच व्यवहारात आणली होती. पण त्या कल्पनेत पुढे भांडवल घातले गेले नाही. २००१ साली सी. एम. सी.मधील ५१ टक्के वाटा टाटांना विकण्यात आला आणि २०१५ साली ती टी. सी. एस.मध्ये विलीन झाली. डाव्या व समाजवादी चळवळीनेही त्या काळात संगणकाकडे मुख्यतः नोकऱ्या खाणारे यंत्र म्हणून पाहिले. बँक व विमा कर्मचाऱ्यांची भीती निराधार नव्हती; परंतु यंत्र येऊ नये यावर जेवढी शक्ती खर्च झाली, तेवढी ते कोणाच्या मालकीचे असावे यावर झाली नाही. भाडेवसुली करणाऱ्याला बाहेर काढणे साधले. त्याच्या जागी टिकाऊ सामाईक मालकी उभारणे साधले नाही.

उभारणी अशक्य होती असे मात्र नाही, आणि याचा पुरावा रत्नागिरीच्या उशाशी आहे. १९९० साली फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधू दंडवते अर्थमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. केंद्राचा ५१ टक्के वाटा आणि उरलेला महाराष्ट्र, कर्नाटक, केरळ व गोवा या राज्यांचा. शिवाय रोख्यांच्या द्वारे जनतेकडून पैसा. कोणत्याही एका राज्याला न झेपणारे काम चौघांनी केंद्रासह वाटून घेतले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून ठोकूरपर्यंतचा ७४१ किलोमीटरचा मार्ग पूर्णपणे खुला झाला. क्लाउडच्या संदर्भात ज्या सामाईक सार्वजनिक भांडवलाची गरज आहे, त्याचा नमुना शोधायला दूर जावे लागत नाही.

कर्तव्याची दिशा

आज पाया अगदीच नाही असे नाही. केंद्र शासनाने २०१४ साली 'मेघराज' या नावाने शासकीय क्लाउड सुरू केला. डिसेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने वित्तसंस्थांसाठी स्वतंत्र क्लाउड सुविधा उभारण्याची घोषणा केली. युरोपीय संघाचा माहितीविषयक कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला असून त्यानुसार १२ जानेवारी २०२७ पासून ग्राहकाकडून सेवा बदलण्याचे शुल्क घेता येणार नाही. तो कायदा येतो आहे असे दिसताच, २०२४ मध्येच बड्या कंपन्यांनी कायमचे सोडून जाणाऱ्या ग्राहकांवरील बाहेर काढण्याचे शुल्क माफ केले. कायद्याचा धाक असेल तर अटी बदलतात, हे यावरून सिद्ध होते.

कार्यकर्त्यांनी म्हणून दोन पातळ्यांवर काम केले पाहिजे. संस्थेच्या पातळीवर चार गोष्टींचा आग्रह धरावा. पहिली, करारात माहितीची मालकी संस्थेची असल्याचे आणि ती कोणत्याही प्रणालीत वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळण्याचे स्पष्ट कलम असावे. दुसरी, नोंदींची एक प्रत ठरावीक मुदतीने जाळ्यापासून तोडलेल्या साधनावर, पुराचे पाणी पोहोचणार नाही अशा जागी ठेवावी. आणि त्या प्रतीवरून कारभार पुन्हा चालू करून पाहण्याची तालीम वर्षातून एकदा घ्यावी. तिसरी, पहिले वर्षभर प्रत्यक्ष वापर मोजल्याखेरीज दीर्घ मुदतीची हमी कोणालाही देऊ नये. चौथी, एकेकट्या संस्थेने वाटाघाट करू नये. जिल्ह्यातील सोसायट्या, पतपेढ्या, शिक्षणसंस्था यांनी मिळून एक करार करावा, आणि तो समजणारा एक प्रशिक्षित स्थानिक तरुण सर्वांनी मिळून पगारावर ठेवावा.

राज्य व केंद्राच्या पातळीवर मागणी अशी असावी की, सेवा बदलण्याचा हक्क भारतातही कायद्याने मिळावा. रिझर्व्ह बँकेची सुविधा सहकारी पतव्यवस्थेतील शेवटच्या संस्थेपर्यंत परवडणाऱ्या दरात पोहोचावी. आणि ज्या डेटा सेंटरना महाराष्ट्र शासन २०२३ च्या धोरणानुसार वीजशुल्कात सूट देते, त्यांच्याकडून सहकारी व सार्वजनिक संस्थांसाठी क्षमतेचा काही हिस्सा रुपयांत ठरलेल्या दराने राखून ठेवण्याची अट घालावी. जनतेच्या तिजोरीतून सवलत घेणाऱ्याने जनतेला काही परत द्यावे, ही मागणी कोणत्याही अर्थशास्त्राच्या कसोटीवर उतरणारी आहे.

यंत्राला विरोध करण्याचे दिवस सरले, आणि यंत्राच्या मालकापुढे मान तुकवण्याचे कारण नाही. चिपळूणच्या पुढच्या पुरात सोसायटीच्या नोंदी बुडू नयेत, ही गरज खरी आहे. त्यासाठी त्या दुसऱ्याच्या घरी ठेवाव्या लागतील, हेही खरे. त्या हव्या तेव्हा परत आणता येतील एवढी तजवीज सही करण्यापूर्वी झाली पाहिजे. सही झाल्यानंतर ती कोणी करून देत नाही.